कपाळ माहं आहे

हिरालाल रामटेके खरोखरचे वारले तेव्हा त्यांना टीव्हीवर वारून दीड वर्ष होऊन गेलं होतं. त्यामुळे करडीत बातमी पसरायला जरा वेळच लागला. जीवननं पहाटे चिंधूकाकाला फोन केला, "काका, बाबा गेले," तर काका झोपेतच म्हणाला, "मालूम आहे न बे, रोज सातले पाह्यतो."

त्याचं असं झालं होतं. करडीबाहेरच्या बंद पडलेल्या राइस मिलमध्ये मुंबईच्या एका कंपनीनं ‘धानगावची धाकटी’ या मालिकेचा सेट लावला. मालिकेतलं घराणंही राइस मिलवालंच होतं, फक्त त्यांची मिल चालू होती. कंपनीनं मिलच्या खऱ्या भिंतीला प्लायवूडची खोटी भिंत ठोकली, कारण खरी भिंत कॅमेऱ्यात खोटी वाटत होती. ती रंगवायला माणूस हवा होता. हिरालालचा मुलगा जीवन झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचा. राजवाडा, जंगल, तुरुंग, मागाल ते. त्याला आर्ट असिस्टंट म्हणून घेतलं.

पहिल्याच दिवशी आर्ट डायरेक्टर मनिषसरांनी त्याला बोलावलं. "घराचा मालक मेलेला आहे. भिंतीवर त्याचा फोटो हवा. भारदस्त चेहरा. नट नको, ओळखीचा नको."

या मालकाला मालिकेत काहीच काम नव्हतं आणि सगळ्यात जास्त कामही त्यालाच होतं. घरातल्या कुणाला पुढे काय बोलावं सुचेना झालं की तो फोटोसमोर येऊन उभा राहायचा. लेखकाला सुचेना झालं तरी तेच.

जीवननं बापाचा फोटो नेला. हिरालालनं बत्तीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं होतं आणि ज्या ज्या वेळी कुणी त्यांचा फोटो काढला त्या त्या वेळी डोळे मिटले होते. लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेले, मोबाइलमधल्या सगळ्या फोटोंत मिटलेले, मतदानाच्या ओळखपत्रावर तर माणूस सरळ घोरतच होता. डोळे उघडे असलेला आयुष्यात एकच फोटो. रिटायरमेंटच्या दिवशीचा, शाळेच्या गुरुजींचा कोट मागून घालून काढलेला. ज्या स्टुडिओत काढला तो स्टुडिओही नंतर बंद पडला.

"जित्त्या मानसाच्या फोटोले हार घालतेत काय बे?" आई लीलाबाई म्हणाली.

"ते अपशकुन-फपशकुन माह्या बापानं छप्पन सालीच वैनगंगेत सोडून देल्लं," हिरालाल म्हणाले. "लटकव बिनधास्त."

मनिषसरांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "चेहरा चांगला आहे रे. पण मालक वाटत नाही. कसं सांगू... पोस्टमन वाटतो. मिशी रंगव. आणि टिळा."

जीवननं रंगवली. पडदे रंगवणाऱ्याचा हात तो. आधी फोटोवर वार्निशचा एक पातळ थर दिला, म्हणजे पुढेमागे टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की सगळं निघून यावं. मग ऑइल कलरनं मिशी, आणि कपाळावर उभा केशरी टिळा. मिशी इतकी झकास झाली की युनिटमधल्या दोघातिघांनी स्वतःची वाढवायला घेतली.

पहिला भाग लागला तेव्हा रामटेक्यांच्या घरात बसायला जागा नव्हती. हिरालाल खुर्चीत बसून स्वतःला मेलेलं बघत होते. मिशी बघून खुदकन हसले. मग पुढे वाकले.

"हे कपाळावर काय लावलं बे?"

"बाबा, तो मालक आहे न. त्याहिच्यात लावतेत."

"मालक असन. मिशी लावा, कोट घाला, कंपनीचा माल आहे. पन कपाळ माहं आहे."

सेटवर टिळ्याचं कुणाला विचारायचं हेच जीवनला कळत नव्हतं. तिथे प्रत्येक वस्तूला एक साहेब होता. कपाळ कुणाच्या खात्यात येतं, कोण जाणे.

पुढे हिरालालना सवय झाली. चिंधूकाका तर रोज यायचा आणि म्हणायचा, "हिरालाल, तू मेल्यापासून लय रुबाबदार दिसून राहिला गा." आंधळगावच्या बाजारात बायका त्यांच्याकडे बघून दचकायच्या. पण टिळ्याचं ते विसरले नाहीत. शेवटच्या आजारात त्यांनी जीवनला जवळ बोलावलं. जीवनला वाटलं, आता काही तरी मोठं सांगतील.

"माह्या कार्यक्रमाले तोच फोटो ठेवजो. डोळे उघडे आहेत त्यात. पन पुसून आनजो. कपाळ साफ पाह्यजे."

"आनतो बाबा."

"मिशी राह्यली तं राह्यली," म्हाताऱ्यानं थोडा विचार करून सांगितलं. "टिळा नाही."

ते सोमवारी गेले. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. जीवन घाटावरून येऊन अंगणात बसतो न बसतो तोच सेटवरून फोन. "जीवन, समई कुठे ठेवलीयस?" त्यानं सांगितलं. पुन्हा फोन. "नाही सापडत." तिसऱ्या फोनला तो उठून गेला.

सेटवर मालकांची पुण्यतिथी होती. म्हणजे मालिकेत. आठवड्यापूर्वीच ठरलेला सीन. आख्खं घराणं फोटोसमोर बसून रडत होतं, मेकअपवाला डोळ्यांखाली ग्लिसरीन लावत फिरत होता. जीवन दारात उभा राहिला. सकाळपासून त्याच्या बापासाठी इतकी माणसं एकदम रडली नव्हती. त्याला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

समई मिळाली. शॉट झाला. मग कुणी तरी डायरेक्टरच्या कानात सांगितलं तसं डायरेक्टरनं सगळ्यांना उभं केलं. "आपल्या जीवनचे वडील गेले. दोन मिनिटं." फोटो समोर होताच, हारही ताजा होता, तिथेच श्रद्धांजली झाली. दीड मिनिटानंतर कॅमेरामन हळूच म्हणाला, "सर, लाइट जाऊन राहिला." दीड वर्षात तो एवढंच इथलं बोलणं शिकला होता.

त्या संध्याकाळी जीवननं मनिषसरांना गाठलं. "सर, येत्या रविवारी बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. मला ओरिजिनल फोटो द्या. मी इथे कॉपी लावतो."

मनिषसर वाईट माणूस नव्हते. त्यांनी कंटिन्युइटी बघणाऱ्या भावना मॅडमना विचारलं. भावना मॅडमचं काम म्हणजे कालच्या शॉटमधला कप आज दोन बोटं सरकला तर पकडायचं. त्या म्हणाल्या, "कॉपीवर चकाकी वेगळी येते. प्रेक्षकांना कळतं. फोटोची सवय झालीय त्यांना."

"मॅडम, आईलाही सवय आहे," जीवन म्हणाला.

"हो ना रे," त्या म्हणाल्या आणि वहीत काही तरी लिहिलं. काय लिहिलं ते त्यानं नंतर बघितलं. ‘हार ताजा. समई डावीकडे.’

बुधवारी मनिषसर स्वतः धावत आले. "जीवन, तुझं काम झालं! मालक जिवंत होतोय."

जीवनच्या हातातला ब्रश खाली पडला.

"मालिकेत रे. मोठा नट मिळालाय. उद्या शूट, रविवारी महाएपिसोड. त्यानंतर फोटोचं इथे काय काम? घेऊन जा तू."

जीवननं घरी जाऊन आईला सांगितलं, फोटो भेटते. आईनं टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस खिडकीत काढून ठेवला.

सकाळी सीन हातात आला. मेलेला मालक दारात उभा. त्याची सून, म्हणजे सगळा महाराष्ट्र जिला वहिनीसाहेब म्हणतो ती, आनंदानं वेडी होते. भिंतीवरचा फोटो काढते. ‘माझे सासरे जिवंत आहेत!’ असं ओरडून जमिनीवर आपटते आणि काचांवरून धावत सासऱ्यांकडे जाते.

जीवननं सीन दोनदा वाचला. मग काही न बोलता मोटरसायकल काढली, तुमसरला जाऊन दोन कॉपी काढल्या, दोन तशाच फ्रेम घेतल्या. ओरिजिनल काढून, कापडात गुंडाळून रंगांच्या डब्यांमागे ठेवला. मनिषसर म्हणाले, "शाबास. दोन टेक पुरेत." भावना मॅडमनीही चकाकीचं काही काढलं नाही, फुटणाऱ्या फोटोची चकाकी कोण बघतं.

पहिल्या टेकला वहिनीसाहेबांनी फोटो इतक्या हलक्या हातानं आपटला की तो मोडला, पण फुटला नाही. डायरेक्टर म्हणाला, "मॅडम, राग!" त्या म्हणाल्या, "आनंद आहे ना?" तो म्हणाला, "आनंदाचा राग."

दुसऱ्या टेकला फोटो फर्मास फुटला. तेवढ्यात बाहेर शेताच्या धुऱ्यालगत ट्रॅक्टर गेला, टेपवर डीजेचं गाणं लावून. साउंडवाल्यानं हात वर केला.

दारात उभ्या नटाच्या मागून ऊन येत होतं. देवासारखं दिसत होतं, आणि खाली खाली जात होतं. त्या नटाला उद्या मुंबईत दुसऱ्या मालिकेत मरायचं होतं.

"तिसरा कुठंय?" डायरेक्टर ओरडला. "प्रॉपर्टी!"

सेटवर ‘प्रॉपर्टी!’ ऐकलं की जीवनचे हात वस्तू घेऊन पुढे जात. समई, पानदान, सुटकेस, काय असेल ते. दीड वर्षाची सवय. मनिषसरांनी रंगांच्या डब्यांकडे बघितलं आणि मग जीवनकडे.

"सर, ते नाही," जीवन म्हणाला.

"फोटोच आहे ना रे? मी तुला मोठा प्रिंट काढून देतो. लॅमिनेट करून."

"त्याच्यावर मिशी येईल सर. टिळा येईल. हे पुसता येते."

"जीवन," मनिषसर खालच्या आवाजात म्हणाले, "ऊन जातंय."

चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती. चाळीस माणसांची सकाळपासूनची मेहनत, जेवण उशिरा झालेलं, नट खोळंबलेला, आणि ऊन. जीवन पुढे बरेच दिवस आठवत राहिला की त्या वेळी आपण काय ठरवलं. त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. हात गेले, तो त्यांच्या मागून गेला.

टेक एकदम ओके. आख्ख्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. मग वहिनीसाहेब "आई गं!" म्हणाल्या आणि सगळे त्यांच्या टाचेला काच लागली का ते बघायला खाली वाकले. जीवनही वाकला. वार्निशनं ताठ झालेला फोटोही काचेसारखाच तडकला होता, त्यानं त्याचे तुकडे गोळा केले.

काच लागली नव्हती. वहिनीसाहेबांनी लंगडत लंगडत येऊन विचारलं, "तुझे बाबा ना रे ते? सॉरी हं दादा." मनापासून विचारलं. ग्लिसरीन तसंच होतं डोळ्यांत.

घरी आई दारातच होती. "भेटला काय?"

"रविवारी भेटते," जीवन म्हणाला आणि पिशवी खाटेखाली सरकवली.

रविवार आला. सकाळी भंतेजी आले, वंदना झाली, भोजनदान झालं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली हिरालालचा मोबाइलमधला फोटो ठेवला होता. डोळे मिटलेला.

"हिरालाल तं झोपूनच राहिला बाप्पा," चिंधूकाका म्हणाला.

"कंपनीतून फोटो आला नाही आजून," लीलाबाई म्हणाली. जीवन पत्रावळी मोजायला लागला.

संध्याकाळ झाली तरी माणसं हलेनात. सात वाजता महाएपिसोड होता. कुणी तरी विचारलं, "दुखाचं घर आहे, लावावं काय?" चिंधूकाका म्हणाला, "हिरालाल दिसतेत न त्याच्यात. डोळे उघडे ठेवून दिसतेत." लीलाबाईनं स्वतःच टीव्ही लावला.

जीवनला उठून जायचं होतं, पण दारात बायका बसल्या होत्या.

हिरालाल दिसले. भिंतीवर, मिशीसकट, टिळ्यासकट, डोळे उघडे. मग वहिनीसाहेबांनी त्यांना खाली ओढलं. आपटलं. एकदा समोरून, एकदा वरून, एकदा पायाशी ठेवलेल्या कॅमेऱ्यातून. तिन्ही वेळा धाडकन वाजलं. टाच हिरालालच्या तोंडावर सावकाश आली, सावकाश टेकली, आणि वळली. दारात एक भलताच माणूस उभा होता. जीवनच्या हातची मिशी लावून.

"जित्ता झाला न गा मालक!" चिंधूकाकाच्या तोंडून निघून गेलं. मग त्यानं लीलाबाईकडे बघितलं आणि पायानं चपला शोधायला लागला.

जाहिराती लागल्या. साबणाची झाली, सिमेंटची झाली. एकेक माणूस उठून गेला. कुणी टीव्ही बंद केला नाही.

"तो खरा होता काय?" लीलाबाईनं विचारलं.

"हो."

"तूनं देल्ला?"

"हो आई."

"तुकडे आनले?"

त्यानं खाटेखालची पिशवी काढून दिली.

लीलाबाईनं जेवणातला उरलेला भात बोटांनी कुस्करला, खळ केली आणि पुठ्ठ्यावर तुकडे चिकटवायला बसली. कोट लागला. कान लागले. डोळ्यांचे दोन तुकडे तिनं बराच वेळ हातात धरले, मग जागच्या जागी बसवले. जीवननं टर्पेंटाइनची बाटली पुढे केली. मिशीचा तुकडा आणि टिळ्याचा तुकडा टाचेखाली पार चोळामोळा झाला होता. वार्निश, रंग आणि खालचा माणूस एकच लगदा. त्यानं बोळा फिरवला तर सगळंच निघून आलं असतं.

"राहू दे," लीलाबाई म्हणाली. तिनं ते दोन तुकडे वेगळे काढून त्याच्या हातावर ठेवले. "हे त्याहिचं आहे. देऊन दे वापस."

"आई, कपाळ..."

"झालं न साफ."

दुसऱ्या दिवशी जीवननं दोन्ही तुकडे सेटवर नेऊन दिले. भावना मॅडमनी ते कुठले असं विचारलं नाही. एका पाकिटात घातले, वर ‘मालक, मिशी आणि टिळा’ असं लिहिलं आणि कपाटात ठेवलं. "बरं झालं आणलेस," त्या म्हणाल्या. "फ्लॅशबॅकला लागेल."

लीलाबाईनं पुठ्ठा टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर टांगला. गुरुजींचा कोट, दोन कान, आणि दोन डोळे. ते उघडे आहेत.