बादलीबुवाचा वेग

बुटांच्या खोक्यात अकरा फ्लॉप्या होत्या. सात काळ्या, तीन निळ्या, एक पांढरी. आठांवर आईच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या: ‘पत्रव्यवहार’, ‘रजा’, ‘साहेब, खाजगी’ वगैरे. तिनांवर काहीच लिहिलेलं नव्हतं आणि माझी सगळी आशा त्या तिनांवर होती.

लॅपटॉपला जोडता येईल असा ड्राइव्ह मी मागवला होता. एकेक फ्लॉपी आत ढकलत गेले. दहांनी नुसती घरघर केली आणि मान टाकली. अकरावी उघडली. तिच्यात आईच्या ऑफिसातले रजेचे अर्ज होते.

“साहेबांचं खाजगी उघडलं का गं?” आईने दारातून विचारलं.

“नाही.”

“अरेरे. वीस वर्षं उत्सुकता होती मला.”

ती हसली नाही, मीही हसले नाही. आमच्या घरातले विनोद हल्ली असेच होते. कुणीतरी करायचे आणि ते तिथेच पडून राहायचे.

चार महिन्यांपूर्वी दादा पडला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. तिसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं, आत लिफ्ट नव्हती. हाडं यथावकाश जुळली, डोळेही उघडले. पण त्या उघड्या डोळ्यांमागे कुणी आहे की नाही, यावरून घरात दोन तट पडले होते. वहिनी म्हणायची, आहे. मी म्हणायचे, माहीत नाही. आई दोघींना जेवायला वाढायची.

डॉक्टरांनी मात्र तारीख दिली होती. पुढच्या गुरुवारी तपासणी. दादाकडून खात्रीचा, पुन्हा पुन्हा मिळणारा प्रतिसाद दिसला तर त्याला रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरच ठेवायचं आणि उपचार चालू ठेवायचे. नाही दिसला तर खाली, तळमजल्यावर. तिथे कूस बदलतात, नळीने भरवतात, चादरी स्वच्छ असतात. व्यायाम नाही, वाचा-उपचार नाही, कुणी काही विचारत नाही.

“तिथून वर आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही,” वहिनी म्हणाली होती. ती रोज लिफ्टमध्ये लक्ष ठेवून असायची.

भांडण होतं ते उजव्या अंगठ्यावरून. दादाचा अंगठा मधूनच हलायचा. वहिनी सांगायची, मी बोलले की हलतो. मी एका पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. एखादी गोष्ट दोनदा घडली म्हणून ती खरी मानायची नाही, ही आमची रोजची शिकवण. म्हणून एका रविवारी मी पलंगाशी बसून मोजलं. वहिनी बोलत असताना अंगठा नऊ वेळा हलला. ती गप्प असताना, तेवढ्याच वेळात, दहा वेळा.

“झालं समाधान?” वहिनी म्हणाली. ती दादाची नखं कापत होती आणि तिने मान वर केली नाही. “तो उगाच नाही तुला मोजपट्टी म्हणायचा. स्वतःच्या भावालासुद्धा नळाचं पाणी समजतेस.”

“वहिनी, डॉक्टरही हेच मोजणार आहेत. मी आधी मोजलं इतकंच.”

“मग सापडेपर्यंत मोज ना! नाही म्हणायला कशाला मोजतेस?”

मी अंगठ्याकडेच बघत राहिले. आणि तेव्हा लक्षात आलं की तो कसाही हलत नव्हता. मूठ वळताना अंगठा आत येतो, तसा हा येत नव्हता. बाकीची चार बोटं स्थिर आणि अंगठा बाजूने खाली, एक टिचकी मारल्यासारखा. असा अंगठा माणूस एकाच ठिकाणी मारतो. कीबोर्डच्या लांब पट्टीवर, स्पेसबारवर.

मी पाच वर्षांची आणि दादा अकरा वर्षांचा असताना आईने ऑफिसातून निकाली काढलेला एक कॉम्प्युटर घरी आणला होता. त्यावर एकच गेम चालायचा. एका विहिरीत दोराला बांधलेली बादली, बादलीत टक्कल पडलेला एक माणूस. तो खाली खाली जायचा. भिंतीवरचे कंदील गोळा करायचे आणि वटवाघूळ आलं की बादलीत डोकं घालायचं. बादली डावी-उजवीकडे झुलवणं माझं काम. डोकं घालणं दादाचं, स्पेसबार दाबून. काही यायच्या आधी कॉम्प्युटर ‘पिंप, पिंप, पिंप’ असा तीन वेळा वाजायचा. तिसरा सूर खालचा असेल तर वटवाघूळ, दाबायचं. वरचा असेल तर कंदील, अजिबात दाबायचं नाही, नाहीतर कंदील हुकायचा. तीन वर्षं आम्ही रोज तेच खेळलो. दादा तर पुढेपुढे पडद्याकडे बघायचाही नाही. अभ्यासाचं पुस्तक मांडीवर, अंगठा स्पेसबारवर आणि तोंडाने “आलं, आलं, आलं, दाब!”

वहिनीला मी हे सांगितलं. तिने नेलकटर खाली ठेवलं.

“मग आण तो आवाज,” ती म्हणाली.

इथे पंचाईत होती. मला तेव्हा इंग्रजी वाचता येत नव्हतं. आमच्या भाषेत त्या गेमचं नाव बादलीबुवा. खरं नाव फक्त दादाला माहीत होतं आणि दादालाच विचारता येत नव्हतं.

खोक्यातल्या फ्लॉप्यांत गेम मिळाला नाही, तेव्हा सहा दिवस उरले होते. जुने गेम हुडकून देणाऱ्यांचा एक मंच मला सापडला. जगभरातली माणसं तिथे अर्धवट आठवणी घेऊन येतात. ‘एक बेडूक होता, बहुतेक हिरवा.’ ‘शेवटी राजवाडा जळायचा, की ते मला स्वप्न पडलं?’ बहुतेकांना कसलीच घाई नसते. मी लिहिलं: विहीर, बादली, टक्कल असलेला माणूस, वटवाघळं, कंदील; पडदा काळा, सगळं चित्र नारिंगी. तातडीचं आहे.

उत्तरं भराभर आली. मी डब्यातलं जेवण बाजूला सारून एकेक उघडत गेले. खाण होती, पण बादली नव्हती. बादली होती, पण ती गाईच्या दुधाची होती. एकाने नारिंगी रंगाच्या गेम्सची अख्खी जंत्री पाठवली, चव्वेचाळीस नावं. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत आणि बसमध्ये मी ती सगळी तपासली. एकातही विहीर नव्हती. ‘जुनाकीबोर्ड’ असं टोपणनाव घेतलेल्या एकाने लिहिलं, ‘ताई, नारिंगी विहिरीचा गेम निघालेलाच नाही. आठवण चुकत असेल.’

घरी येऊन मी चप्पलसुद्धा न काढता खुर्चीत बसले. आई भाजी निवडत होती.

“काय म्हणतात तुझे लोक?”

“म्हणतात नारिंगी गेम नव्हताच. आई, तुला तरी आठवतंय ना? नारिंगीच होता ना?”

“नारिंगीच तर होता.” तिने एक देठ मोडलं. “सगळंच नारिंगी होतं त्याच्यावर. मी बारा वर्षं साहेबांची पत्रं नारिंगी टाईप केली. छापून आली की काळी. तो पडदाच तसला होता मेला, त्याला दुसरा रंग यायचाच नाही.”

मी तशीच उठले आणि लॅपटॉप ओढला.

“काय झालं? आता चप्पल तरी काढ.”

मी प्रश्न पुन्हा लिहिला, रंगाचा उल्लेख काढून. तासाभरात ‘जुनाकीबोर्ड’चं उत्तर आलं. गेमचं नाव ‘डीप बकेट’. विहीर निळी, कंदील पिवळे, बादलीबुवाचा सदरा लालभडक. खाली त्याने लिहिलं होतं, ‘ताई, रंग सांगितला नसतात तर पहिल्याच दिवशी दिला असता.’

जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मी तो चालू केला. आई मागे उभी होती. तीन पिंपण्या वाजल्या आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हाच गं,” ती म्हणाली. “हाच तो कटकट्या.”

मंगळवारी मी आणि वहिनी दादाच्या कानाशी लॅपटॉप घेऊन बसलो. त्याच्या अंगठ्याखाली वहिनीने एक सुटा कीबोर्ड टेकवला. दहा वेळा वटवाघळाचे सूर. अंगठा दोनदा हलला. दहा वेळा कंदिलाचे सूर. अंगठा तीनदा हलला.

“पुन्हा,” वहिनी म्हणाली.

पुन्हा केलं. या वेळी अंगठा एकदा आणि दोनदा हलला.

“आवाज वाढव.”

वाढवला. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं. दादाने नाही. तो छताकडे बघत होता, चार महिने बघत होता तसाच.

वहिनीने कीबोर्ड काढून घेतला, त्याचा तळवा पुसला आणि मुठीत धरून ठेवला. “निदान त्याला खाली न्यायच्या आधी दाढी करू देतात का, ते विचारून ये,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मी विचारायला गेले नाही. व्हरांड्यात बाकावर बसून गेम खेळत राहिले, काही करायचं म्हणून. उजव्या हाताने बादली झुलवत होते, डावा अंगठा स्पेसबारवर. सूर वाजले. मी सवयीने पुटपुटले, “आलं, आलं,” आणि वटवाघूळ येऊन आदळलंसुद्धा. बादलीबुवा विहिरीत पडला. पुढच्या वेळी तेच. “आलं, आलं,” आणि धप्प.

दादा तीन वेळा ‘आलं’ म्हणून मग ‘दाब’ म्हणायचा. तीन वर्षं, दर वेळी. मग एवढं वाक्य मावायला जागा कुठून येत होती?

त्या जुन्या कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला एक चौकोनी बटण होतं, शेजारी हिरवा दिवा. गेम सुरू करण्याआधी दादा ते बटण दाबायचा आणि दिवा विझायचा. मला वाटायचं, गेम त्यानेच सुरू होतो. आता मी व्हरांड्यात बसून त्या मशीनची माहिती काढली. बटण गेमचं नव्हतंच. त्याने मशीनचा वेग कमी व्हायचा. दिवा लागलेला म्हणजे पूर्ण वेग, विझलेला म्हणजे मंद. बटण दाबताना दादा काय म्हणायचा, तेही मग आठवलं. “थांब, मोजपट्टीचा गिअर टाकू दे.” पूर्ण वेगात पाच वर्षांच्या मुलीची बोटं बाणांच्या बटणांवर पोचली नसती.

या गेमचे सूर मशीनच्या वेगावर लांब-आखूड होतात. सुरांची उंची तीच राहते, लांबी बदलते. दादाला मी जे ऐकवलं होतं ते त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

मी आईला फोन केला. “दादा ते ‘आलं, आलं, आलं, दाब’ म्हणायचा, ते म्हणून दाखव. त्याच्याच चालीत.”

“फोनवर? इथे रांगेत माणसं आहेत.”

“आई.”

तिने म्हटलं. मी तिला पाच वेळा म्हणायला लावलं, पाचही वेळा मोजलं. सरासरी दोन पूर्णांक तीन दशांश सेकंद. मागून कुणीतरी “काय आलं हो काकू?” असं विचारल्याचंही ऐकू आलं. मी नकली मशीनचा वेग उतरवत गेले, तिसऱ्या सुरापासून वटवाघळापर्यंत तेवढाच वेळ लागेपर्यंत. पिंपण्या लांबल्या, जडावल्या. ऐकल्याबरोबर माझा उजवा हात आपोआप बाणांवर गेला.

मी वहिनीकडे गेले नाही, थेट डॉक्टरांच्या खोलीत गेले. वहिनीला दुसऱ्यांदा आशा दाखवायची माझी हिंमत नव्हती.

डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. “समजा हलला अंगठा,” त्या म्हणाल्या, “तरी आवाज झाला की बोट उडतं, एवढंच कशावरून नसेल?”

“दोन आवाज आहेत. फक्त शेवटचा सूर वेगळा. एकाला दाबायचं, दुसऱ्याला थांबायचं.”

त्यांनी दोन्ही आवाज दोनदा ऐकले. “क्रम मी ठरवणार. तुम्ही दोघींनी मागे उभं राहायचं, हात लावायचा नाही, बोलायचं नाही. दाबायच्या सुराला दहापैकी किमान आठ हवेत. थांबायच्या सुराला दहापैकी दोनपेक्षा जास्त नकोत. नाहीतर मला तळमजल्याच्या कागदावर सही करावी लागेल. चालेल?”

“चालेल,” मी म्हणाले. माझ्या जागी कुणीही तेच म्हणालं असतं; दुसरं काही हातात नव्हतं.

गुरुवारी सकाळी वहिनीने दादाची दाढी केली. “खाली नेण्यासाठी नाही,” तिने मला बजावलं. मग डॉक्टर आल्या. त्यांनी दोन्ही आवाज स्वतःच्या फोनवर घेतले, एक परिचारिका मोजायला बसवली आणि कीबोर्ड दादाच्या अंगठ्याखाली ठेवला. आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो.

पहिला सूर वाजला. खालचा. अंगठा हलला नाही.

वहिनीने माझं मनगट पकडलं. तिची नखं रुतली.

दुसरा. पुन्हा खालचा. काही नाही. दादाचे डोळे छतावर होते.

तिसरा वाजला, वरचा. काही नाही. चौथा, खालचा. मी मनातल्या मनात म्हणत होते, आलं, आलं, आलं. कीबोर्डची पट्टी टक्कन वाजली. डॉक्टरांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी पुढचा सूर लावला.

वीस सूर झाल्यावर परिचारिकेने आकडे वाचून दाखवले.

वटवाघूळ, दहापैकी आठ. कंदील, दहापैकी एक.