काजळीचा पान्हा आणि पत्र्याचा हॉल

“वहिनी, आज हिनं पान्हा चोरला ना, तर दावं सरळ व्यापाऱ्याच्या हातात. मग रडत बसायचं नाही,” काकीच्या दिरानं बजावलं.

“रडतंय माझं खेटर!” काकी म्हणाली आणि ओल्या फडक्यानं काजळीची पाठ अशी पुसली, की म्हशीच्या अंगावर ऊन घसरायला लागलं.

बोलली खरी, पण काजळीचा भरवसा तिलाही नव्हता. रेडकू गेल्यापासून काजळी अडून बसली होती. काकीनं कुशीला डोकं टेकून गाणं म्हटलं तरच धार सुटायची. दीर बसला की सड कोरडे ठणठणीत. “गाणं ऐकणारी म्हैस पाळायला आपण काय राजे आहोत?” असं तो उठता-बसता विचारी. शेवटी ठरलं, नव्या हॉलातल्या दुधाच्या स्पर्धेत चारचौघांत चरवी भरून दाखवायची. भरली तर काजळी घरी, नाहीतर बाजारी.

आणि हॉल तरी केवढा! अख्खं गाव गुरांसकट आत शिरावं आणि वर वाऱ्याला लोळायला जागा उरावी. माथ्यावर पत्रा, खांबाखांबावर भोंगे. अध्यक्ष बोलायला लागले, तसं त्यांचं भाषण पत्र्यावर आपटलं, भिंतीवरून घसरलं आणि त्यांच्याच पाठीमागून परत आलं. रांजणात तोंड घालून कुणी गुळण्या कराव्यात, तसं.

“काय म्हणाले हो?”

“मागचं वाक्य अजून वाटेत आहे. पोचलं की सांगतो.”

“काही कळत नाही!” मागून कुणी ओरडलं. भोंगेवाल्यानं आवाज वाढवला. “अरे, आता तर काहीच कळत नाही!” त्यानं आणखी वाढवला. सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे हे एकच औषध होतं.

भाषण चालू असतानाच स्पर्धा सुरू झाली आणि ओळीनं साऱ्या म्हशींनी पान्हा चोरला. कान ताठ, शेपट्या वर, डोळे पांढरे. काकीनं काजळीच्या कुशीला डोकं टेकलं, गळा मोकळा केला, पण तिचं गाणं तिलाच ऐकू येईना.

“गा की, वहिनी!”

“गातेच आहे!”

“मग ऐकू का येत नाही?”

“तुमच्या अध्यक्षांना विचारा!”

व्यापारी दाव्याकडे बघत मिशीत हसला. ते हसू काकीला झोंबलं. ती तरातरा मंचावर चढली.

“साहेब, थांबा जरा, जनावरं भ्यालीत!”

“हं? काय?” अध्यक्षांनी कानामागे हात धरला. काकीनं त्यांच्यापुढचा माईकच ओढला. खरं तर तिला फडाफडा बोलायचं होतं. पण समोर काजळी मान वळवून वळवून तिलाच हुडकत होती. मग बोलणं कुठलं, ओवीच आली:

सांज उतरली बाई, रान सावळं गं झालं
काजळीच्या कासेमधी चांदणं दाटून आलं

शब्दांचा तर भोंग्यांनी चेंदामेंदा केला. पण सूर पत्र्याला लागून परतला, मागून येणाऱ्या सुराच्या गळ्यात पडला, आणि बघता बघता सगळा हॉल गाभण गाईच्या पोटासारखा ऊबदार घुमायला लागला. म्हशींचे कान पडले. आणि धारा सुटल्या! सगळ्यांच्याच!

“चरवी आण! बादली आण! काहीही आण!”

माणसं दुधात घसरत होती, एकमेकांना धरून खिदळत होती. काजळी मात्र प्रत्येक खांबाकडे वळून बघत होती, काकी नेमकी कुठल्या भोंग्यात शिरली म्हणून. मग मंच दिसला. खुंट्यासकट दावं उपसून बाई वर हजर! सडांतून दूध ठिबकत होतं.

काकी गाणं थांबवील कशी? तिनं डोळ्यांनीच दिराला खुणावलं. तो धावत आला, अध्यक्षांच्या टेबलावरची फुलदाणी उपडी केली, फुलं अध्यक्षांच्या मांडीत पडली, आणि तो गुडघे टेकून बसला. भीत भीत त्यानं सडाला हात लावला.

सर्रर्र!

पहिली धार त्याच्याच मिशीवर, दुसरी फुलदाणीत. दीर वर बघून लहान पोरासारखा हसला. फुलदाणी भरली, पाण्याचा तांब्या भरला, अध्यक्षांनी आपणहून चहाची किटली पुढे केली.

निकाल जाहीर झाला. तो कुणालाच कळला नाही, त्यामुळे ज्यानं त्यानं आपलीच पाठ थोपटून घेतली.

व्यापारी मंचाशी आला. “मग, दावं देताय ना?”

“याला म्हैस हवी म्हणे!” दुधानं निथळणारा दीर काजळीच्या गळ्यात पडून ओरडला. “अरे, आत्ता कुठं आमची ओळख झालीय! वहिनी, थांबलात का? म्हणा पुढचं!”