चेअरमनच्या घरचा कडू घास

"माय, ते प्यायचं पाणी हाय!"

विमल ओरडली तोवर भिवराबाईचा तांब्या घागरीत बुडून वरही आला होता. तिने तो काटवटीतल्या पिठावर ओतला आणि मळायला घेतलं.

"टँकर यील की दुपारी."

"न्हाई यायचा. हेलिपॅडवर नेलाय. मंत्र्याच्या अंगावर धूळ उडू ने म्हणून पाणी मारायलेत तिथं. आपल्या वस्तीचं पाणी."

भिवराबाईचे हात थांबले नाहीत. साखर कारखान्याचे चेअरमन विठ्ठलराव गेले होते. काल त्यांना अग्नी दिला आणि आज बडी बडी माणसं सांत्वनाला आभाळातून उतरणार होती. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. भावकी, शेजारपाजार पिठलं-भाकर घेऊन जातात आणि घरच्यांना बळंच घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. तो आज चेअरमनच्या बंगल्यावर न्यायचं भिवराबाईने पहाटेच ठरवलं होतं, आणि विमल तेव्हापासून धुमसत होती.

"तिथं केटरर लावलाय बीडचा. तुझ्या भाकरीवाचून अडलंय व्हय कुणाचं?"

"भाऊ व्हता माझा."

"भाऊ! माझ्या बापाला खाल्लं त्यानं."

तेवढ्यात शेजारची छबुबाई टोपली घेऊनच दारात आली. तिने ते ऐकलं. "विमले, मेल्या माणसाला शिव्या देऊ ने गं."

"जित्तेपणी दिल्या असत्या तर फाटकावरच्यानं टांग मोडली असती. मग द्यायच्या कवा, मावशे?"

"शाळा कुणी काढली? दवाखाना कुणी आनला? माझा राधाकिशन मास्तर झाला तो त्याच्यामुळंच. तू लिव्हायला शिकलीस तीबी तिथंच."

"शिकले म्हणून तर वाचता यायलंय. शाळंच्या भिंतीवर त्याच्या आज्याचं, आईचं, बापाचं नाव हाय. पायाचे दगड ज्यांनी वाहिले त्यांचं एकाचं तर नाव दाव मला."

छबुबाईने टोपली सावरली. तिने पदराने तोंड पुसलं. "चल भिवरे. ऊन चढायलंय."

विमल खोटं बोलत नव्हती. पण छबुबाईही खोटं बोलत नव्हती, आणि भिवराबाईचं सगळं आयुष्य या दोन खऱ्यांच्या मधे चेंगरलं होतं.

मोठ्या दुष्काळात ती आणि तिचा नवरा शहादेव रोजगार हमीवर खडी फोडत होते. तिथे विठ्ठलराव सायकलवर यायचे. तेव्हा ते नुसते विठ्ठल होते, पायात तुटकी वहाण. खडीच्या ढिगावर उभं राहून सांगायचे, दुष्काळ कायमचा घालवायचा तर कारखाना पाहिजे. शेटजीचा नको, आपला पाहिजे. सहकारी. लोकांनी ऐकलं. शहादेवने पाया खणला, चिमणी वर जाताना पाहिली, आणि पहिला धूर निघाला त्या दिवशी भिवराबाईला उचलून नाचला होता. असा माणूस. कारखाना त्याला घरच्या बैलासारखा वाटायचा.

मग एका हंगामाच्या शेवटी मळीची टाकी धुवायला त्याला खाली उतरवलं. कमरेला दोर नाही, तोंडाला काही नाही. आत विषारी हवा होती. वरून हाका मारल्या, ओ आली नाही. त्याला बाहेर काढलं तेव्हा अंगाला गुळासारखा वास येत होता. भिवराबाईने त्यानंतर गूळ खाल्ला नाही.

तिसऱ्या दिवशी विठ्ठलराव आले. गाडी लांब उभी करून पायी आले, हातात फडक्याने झाकलेली टोपली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले आणि स्वतःच्या हाताने तिला घास भरवला. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "भिवरा, आजपासून मी तुझा भाऊ."

पुढच्या आठवड्यात युनियनचा माणूस आला होता. म्हणाला, "अक्का, केस करा. मी साक्ष देतो. हे लोक माणसं मारायलेत." भिवराबाईने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. भावावर कुणी केस करतं का? ज्याच्या हातचा कडू घास खाल्ला, त्याला कोर्टात कसा उभा करायचा?

त्या वर्षीच्या भाऊबीजेला ती बंगल्यावर ओवाळायला गेली, विठ्ठलराव पाटावर बसले. पुढच्या वर्षी त्यांच्याऐवजी मॅनेजर बाहेर आला. त्यानंतर फाटकावरचा आश्रुबा ओवाळणीचं ताट आत न्यायचा आणि विझलेली वात, वर एक लुगडं, असं परत आणून द्यायचा. ती तरी जात राहिली. मोठ्या माणसाला सवड नसते, म्हणायची. मधल्या काळात कारखाना बुडाला. कसा बुडाला ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. विकला गेला, तो घेतला विठ्ठलरावांच्याच पोराने, मोहनरावाने. कारखान्याच्या फाटकावरच्या पाटीतला 'सहकारी' शब्द पांढऱ्या रंगाने बुजवला. ऊन पडलं की तो अजून खालून दिसतो. धरणाचं पाणी त्यांच्या उसाला, वस्तीला टँकर. ज्या दुष्काळाला घालवायला कारखाना काढला, त्यानं कारखान्याच्याच भिंतीला टेकून घर बांधलं.

हेलिपॅड बंगल्याच्या अलीकडेच होतं, वाट त्यातूनच जात होती. दोघी बाया तिथे पोचल्या आणि थबकल्या. सगळं रान भेगाळलेलं, बाभळी वाळलेल्या, आणि इथे चिखल. काळा, मऊ, गार.

"अगं माय," छबुबाई म्हणाली, "पाय रुतायलेत की!"

हसली, आणि लगेच लुगडं वर खोचून कडेकडेने चालू लागली. मघाची विमल तिला आठवली असावी.

बंगल्यासमोर मांडव, पंखे, मसालेभाताचा वास. मागच्या अंगाला पोत्यावर गावोगावच्या भाकरींचा ढीग लागला होता. शेजारी आश्रुबा.

"ठिवा त्यातच, अक्का. सांच्याला गाईंपुढं टाकायच्यात."

"गाईंपुढं?"

"मग कोण खातंय? मांडवात जा, जेवून घ्या. गुलाबजाम हायेत."

छबुबाईने टोपली रिकामी केली. भिवराबाईने केली नाही. ती मागच्या दाराने थेट आत शिरली. "अक्का, ओ अक्का!" आश्रुबा ओरडला, पण तेवढ्यात आभाळात घरघर सुरू झाली आणि तो पुढे पळाला.

आतल्या खोलीत सावित्रीबाई, चेअरमनची बायको, घोंगडीवर एकटीच बसली होती. सगळं घर मंत्र्याकडे गेलं होतं. ओठ कोरडे पडलेले. कालपासून कुणी तिला खाऊ घातलं नव्हतं हे सांगायला नको होतं.

भिवराबाईने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला.

"वैनी, घास घ्या."

सावित्रीबाईने लेकरासारखं तोंड उघडलं. चावता चावता डोळे गळायला लागले. घास गिळल्यावर तिने वर पाहिलं.

"कोण गं बाई तू?"

"भिवरा. शहादेवची. तुमची नणंद."

"नणंद?" सावित्रीबाई आठवत राहिली. "टाकीत गेला तो का मशिनीच्या पट्ट्यात सापडला तो?"

भिवराबाईचा हात पिठल्यातच राहिला.

"टाकीतला."

"लई बहिणी केल्या त्यांनी." टोमणा नव्हता त्यात. थकलेली बाई बोलत होती. "कारखान्यात कुणी मेलं की आधी वकील यायचा. दार लावून बोलायचे. मग मला म्हणायचे, भाकरी थाप. मीच थापायचे गं. दुसरे मालक ढुंकूनबी बघत न्हाईत, आपले जातात तरी, असं वाटायचं. माघारी आल्यावर जेवायचे न्हाईत दिवसभर." तिने भिवराबाईचं मनगट धरलं. "ते न जेवणं खरं असंल का गं? तू सांग. माणूस चांगला व्हता का?"

बाहेर हेलिकॉप्टर उतरत होतं. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. भिवराबाईच्या तोंडाशी सगळं आलं. दोर नव्हता, हे आलं. युनियनच्या माणसाला पाजलेला चहा आला. विझलेल्या वाती आल्या. समोर पांढऱ्या कपाळाची बाई, आणि ओठाला पिठलं लागलेलं.

"भाकर लई मऊ व्हती, वैनी, त्या दिवशीची," ती म्हणाली, आणि दुसरा घास तिच्या तोंडाशी नेला.

सगळी भाकर संपवूनच ती उठली.

घरी आली तेव्हा विमल दारात होती. कुणाच्या मौतीहून आलं की पायावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो. विमल सवयीने घागरीकडे वळली, ती कलती करून पाहिली, आणि तशीच उपडी ठेवली.

"टँकर?"

"न्हाई आला."

भिवराबाई बाहेरच, भिंतीच्या सावलीत बसली. पाय पुढे पसरले. हेलिपॅडचा चिखल घोट्यापर्यंत चढला होता. विमल तिच्याजवळ येऊन बसली. 

चिखल वाळत होता, त्याला भेगा पडत होत्या. त्या दिवशी वस्तीत पाणी आलं ते एवढंच.