अकरा मिनिटं

मी बोलतोय यावर तुमचा विश्वास बसणार नाही, कारण माझं काम ऐकण्याचं. बोटभर लांबीचा, काळा, पोटावर लाल दिवा असलेला मी एक रेकॉर्डर. पाठीवर कॉलेजच्या पत्रकारिता विभागाची चिठ्ठी आहे : 'क्रमांक सात. रिकामा करून परत करावा.' आयुष्यभर एकाचे शब्द दुसऱ्याला ऐकवले. आज एकदाच स्वतःचं सांगतो.

कारखान्यात मला जोडलं, तेव्हा तपासणीच्या टेबलावरची बाई माझ्या तोंडाशी येऊन म्हणाली, "एक, दोन, तीन, जेवलास का रे?" तिनं ते ऐकलं, हसली आणि पुसून टाकलं. माझ्या आयुष्यातला पहिला आवाज असा गेला. पण एक सांगून ठेवतो. पुसलेलं मी विसरत नाही. फक्त परत ऐकवू शकत नाही.

विभागात आलो तो थेट सरांच्या खिशात. सर विभागप्रमुख. 'पत्रकारितेची मूल्यं' हा विषय ते तन्मयतेनं शिकवायचे आणि त्याहून तन्मयतेनं स्वतःला ऐकायचे. वर्षभराची व्याख्यानं त्यांनी माझ्यात भरली आणि कुणी चुकून पुसू नयेत म्हणून त्यांना कुलूप घातलं. पुढे त्यांना नवा रेकॉर्डर मिळाला. मी व्याख्यानांसकट कपाटात गेलो. कुलुपाचा आकडा सरही विसरले. माझ्यात जेमतेम वीस मिनिटांची जागा उरली.

मग ती आली. वर्गात तिला सगळे 'प्रश्नचिन्ह' म्हणत. सर "काही शंका?" असं सवयीनं विचारायचे; ही खरंच हात वर करायची. चित्रपट पुरस्कारांच्या मोठ्या सोहळ्याचा एकच विद्यार्थी-पास कॉलेजला आला होता, तो तिनं भांडून मिळवला होता.

"मामा, दुसरा द्या ना. यात जागाच नाही," ती शिपायाला म्हणाली.

"बाकीचे सगळे बाहेर गेलेत. आणि नटनट्या बोलून बोलून किती बोलणार? 'थँक्यू, थँक्यू.' तेवढ्याला पुरून उरेल हा."

घरी आईनं तिचा एकुलता एक चांगला शर्ट इस्त्री केला. "त्या हिरोला विचार, या वयात केस एवढे काळे कसे?"

"आई, मी पत्रकार म्हणून चाललेय."

"म्हणूनच सांगते. खरं काढून घे."

विद्यार्थ्यांना सोहळ्याच्या चार तास आधी बोलावलं होतं, दोरीमागं उभं राहायला. आधी तिनं वातावरण म्हणून गर्दीचा गलका माझ्यात भरला, आठ मिनिटं. मग कंटाळून ती मंडपाच्या मागच्या बाजूला गेली. तिथं दिवे टांगायला उभारलेल्या परांचीच्या लोखंडी पायाशी एक वयस्क लाइटमन बसला होता. हातात चहा, पण पीत नव्हता.

"काका, बरं नाही का?"

त्यानं तिच्या गळ्यातला पास पाहिला. मग मला पाहिलं. "चालू आहे का हा?"

"नाही."

"मग कर."

आणि तो अकरा मिनिटं बोलला. आदल्या दिवशी याच परांचीवरून त्याचा मेव्हणा पडला होता. आज सकाळी इस्पितळात त्यानं प्राण सोडला. वर या दोघांसकट बारा माणसं होती आणि कमरेला बांधायचे बेल्ट पाच. उरलेले बेल्ट स्टोअरमध्ये कुलपात होते, किल्ली मॅनेजरकडे, आणि मॅनेजर पाहुण्यांच्या खुर्च्यांवर नावं चिकटवत होता. 'चढा, वेळ नाही,' असं त्यानं खालून ओरडून सांगितलं होतं. आता सगळ्यांना पढवलं जात होतं की तो माणूस दारू पिऊन, आपल्या मर्जीनं वर गेला.

"थेंबाला शिवत नव्हता तो. बहिणीला काय तोंड दाखवू? तिच्या पोरांना उद्या शाळेत काय ऐकावं लागेल?" त्यानं चहा मातीत ओतला. "हे बघ पोरी, मला आज ना उद्या बोलावतील. मी घाबरेन. बोललोच नव्हतो म्हणेन. तेव्हा हा बोलेल. माझा आवाज आहे, नीट ठेव हं."

तिनं मला मुठीत घट्ट धरलं. वहीत मात्र एक ओळ लिहिली नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता.

संध्याकाळी तांबडा गालिचा अंथरला गेला. दिवे असे लागले की सावलीलाही जागा उरली नाही. ते दिवे कुणी टांगले होते ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. कामगाराच्या भूमिकेसाठी ज्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळणार अशी बोलवा होती, तो नट दोरीजवळ आला. तिनं कालपासून पाठ केलेले प्रश्न गिळून टाकले. तिला आता एकच विचारायचं होतं.

तिनं माझं बटण दाबलं. माझ्या पडद्यावर अक्षरं आली : जागा संपली.

"ए, खाली वाक ना! डोकं येतंय!" मागचा कॅमेरावाला खेकसला. कुणाचं तरी कोपर तिच्या बरगडीत बसलं. ती गलका पुसायला गेली. पहिल्यांदा सरांचं व्याख्यान समोर आलं. पुसता येत नाही. दुसरं, तेही नाही. तिसरं, चौथं. नट चार पावलांवर. ती भराभर पुढे गेली. माझ्या पडद्यावर नावं नसतात, नुसते आकडे असतात. ती एक आकडा जास्त पुढे गेली. 'पुसू का?' मी विचारलं. आयुष्यात इतकं बोलायची इच्छा मला कधी झाली नव्हती. पण मला एवढंच विचारता येतं.

तिनं 'हो' दाबलं.

"सर, काल इथं एक लाइटमन पडला, आज सकाळी वारला. तुम्हाला माहीत आहे का?"

नटाचं हसू क्षणभर थबकलं, मग पुन्हा जागेवर बसलं. "खूप वाईट झालं. कामगार म्हणजे आमचं कुटुंबच. लव्ह यू ऑल!"

चौदा सेकंद.

घरी आईला ऐकवायला म्हणून तिनं मला चालू केलं, तेव्हा तिला कळलं. गलका होता, चौदा सेकंद होते, सर मूल्यांवर बोलत होते. तिनं मला चारचारदा उलटसुलट ऐकलं. आई दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिचं लिखाण वाचलं. "अगं, लिहिलंयस छान. पण पुरावा?"

"सर, मी ऐकलंय."

"तू ऐकलंयस गं. पण ऐकलेलं म्हणजे पुरावा नव्हे, माझ्या व्याख्यानात हेच तर सांगतो मी." कॉलेजच्या अंकात नटाचे ते बोल छापले गेले, फोटोसकट.

ती मंडपावर गेली. परांची उतरवली जात होती. लाइटमन तारा गुंडाळत होता, मॅनेजर हाकेच्या अंतरावर.

"काका, पुन्हा एकदा बोलाल का?"

"कोण तू? मी कुणाशी काही बोललो नाही," तो मोठ्यानं म्हणाला. मग खाली वाकून, ओठ न हलवता, "तो दारू प्यायला होता, अशा कागदावर सही घेतली गं माझी काल. तू कशाला घाबरतेस? त्यात आहे ना सगळं?"

खोटं बोलणं सोपं होतं. ती म्हणाली, "नाही राहिलं, काका. माझ्या हातून पुसलं गेलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. मग पुन्हा तारा गुंडाळायला लागला. वेटोळी एकसारखी येत नव्हती.

तिनं मला परत केलं. "रिकामा केलास?" मामांनी विचारलं.

"नाही. आणि कुणी करू नका."

आता मी कपाटात आहे. माझ्यात वर्षभराची मूल्यं आहेत आणि चौदा सेकंदांचं कुटुंब. ऐकलंय की ती रोज संध्याकाळी लाइटमनच्या बहिणीच्या घरी जाते, दारुडा ठरवलेल्या माणसाच्या. वही घेऊन. परांचीवरची बाकीची दहा माणसं शोधतेय. आतापर्यंत नऊ जण नाही म्हणाले.

उद्या तुमच्यापैकी कुणी मला उचलाल. आधी माझ्या पाठीवरची चिठ्ठी फाडा. कुणाचा आवाज घेतलात, तर पुढचं बटण दाबण्याआधी तो कागदावर उतरवा, दोन ठिकाणी ठेवा. मी सांगितलेलं सगळं खरं आहे. पुरावा मागाल, तर माझ्याकडे नाही. एका म्हाताऱ्याचं शेवटचं वाक्य तेवढं आत कुठंतरी अजून घुमतंय, आणि मला ते ऐकवता येत नाही.

नीट ठेव हं.