तारांमागच्या चौकटी

दातांच्या त्या दवाखान्यात मुलं डॉक्टरांपेक्षा मदतनीस बाईंनाच जास्त टरकून असत. तारा लावलेलं पोर खुर्चीत बसलं की बाई त्याला रंगाची गोळी चघळायला लावत, चूळ भरायला सांगत आणि हातात आरसा देत. जिथे घाण, तिथे जांभळं. मग आईबापांच्या देखत पोराची बिनपाण्याने होई.

"हे तारेखालचं कोण घासणार, मी? प्रत्येक दात, तारेच्या वरून आणि खालून. बारका ब्रश फटीत घालायचा. कंटाळा येत असेल तर तारा काढून घरी बसा."

एकाच पोरीला ती गोळी कधी मिळाली नाही. ती बाईंचीच लेक होती.

लेकीचे वरचे दात पुढे होते. शाळेत तिला फावडी म्हणत. ती तोंडावर हात धरून बोले, आणि हसताना तर दोन्ही हात. तो हात एकदाचा सुटावा, एवढ्यासाठी बाईंनी डॉक्टरांकडे शब्द टाकून तिला तारा बसवून घेतल्या होत्या. पण तार घट्ट केली की पोर कळवळे, जेवणाला तोंड लावत नसे, गोड सरबतावर राही. ब्रश पुढे केला की डोळ्यांत पाणी.

"आज राहू दे," बाई म्हणत. त्यांचा जीव तुटे. एका दिवसाची सूट आठवडाभर चाले.

तरी चारचौघांत नाक कापलं जायला नको होतं. म्हणून दर महिन्याला डॉक्टर यायच्या आत बाई लेकीला खुर्चीत घेत आणि तिचे दात स्वतःच लख्ख घासून ठेवत. डॉक्टर वरवर बघत आणि म्हणत, "बाईंची मुलगी, बघायलाच नको." बाई सुखावत. हा मूर्खपणा दुसऱ्या कुठल्या आईला जमलाच नसता. त्यासाठी दवाखान्याची किल्ली हातात असावी लागते.

पाचव्या महिन्यात एका दातावर, तार धरायला चिकटवलेल्या बटणाभोवती, खडूसारखं पांढरं दिसलं. ही किडीची सुरुवात, हे बाई वर्षानुवर्षं लोकांना सांगत आल्या होत्या. चिकटवायचा मसाला राहिला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दात कोरडा केला असता तर ते आणखी उठून दिसलं असतं. त्यांनी तो ओलाच ठेवला.

दीड वर्षाने तारा निघाल्या. डॉक्टरांनी हवा मारून दात कोरडे केले. दात एका रेषेत होते. पण प्रत्येकावर बटणाच्या जागेभोवती पांढरी चौकट उमटली होती. समोरच्या दोन दातांवर ती तपकिरी झाली होती, आणि तिथे डॉक्टरांची तपासायची टोकदार सळई आत रुतली.

"बाई, हे एका महिन्याचं नाही," ते म्हणाले. "हे दोन कोरून भरावे लागतील. बाकीचं पांढरं थोडं फिकं होईल, पुरतं जाणार नाही."

लेकीने आरसा मागून घेतला. बराच वेळ पाहिलं.

"आई, तू सगळ्यांना ओरडतेस. मला का नाही ओरडलीस?"

"तुला दुखत होतं गं."

ते खरं होतं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

बाहेर बाकावर एक ओळखीच्या आजी बसल्या होत्या. "निघाल्या का तारा?" त्या कौतुकाने म्हणाल्या. "हस बघू."

लेकीने दोन्ही हात तोंडावर धरले.