दुसरा जिना असताना

मी एक निवाडा बोलतोय. वरच्या कोर्टाचा, जुना, आणि सध्या भयंकर चिडलेला. आवाज चढला तर चढू दे.

माझा जन्म एका कापडव्यापाऱ्याच्या हट्टातून झाला. त्याच्या इमारतीला दोन जिने. एकाचा कठडा मोडका, दुसरा धडधाकट. घरमालकाने दहादा बजावलं, तरी हा मोडक्यानेच जायचा, कारण तो दुकानाला जवळ पडे. शेवटी पडला आणि मालकाला कोर्टात खेचलं. न्यायाधीशांनी लिहिलं, ‘दुसरा जिना असताना, कठडा मोडका आहे हे माहीत असून जो त्या जिन्याने जातो, त्याच्या पडण्याला तोच जबाबदार.’ बरोबरच होतं. मी खूश होतो.

मग मी छापला गेलो. निवाड्याच्या डोक्यावर चार ओळींचं सार देतात, घाईतल्या वकिलांसाठी. सार काढणाऱ्याने जागा वाचवायला पहिले तीन शब्द उडवले.

आमच्यात रीत अशी, की वरच्या कोर्टाने एकदा ठरवलं की तशाच प्रकरणात खालच्याने तेच म्हणायचं. रीत चांगली आहे, नाहीतर ज्याला जसा न्यायाधीश भेटेल तसा त्याचा न्याय. पण प्रकरण ‘तसंच’ आहे का, हे पाहायला मला अख्खं वाचावं लागतं. वाचतो कोण? एकाने सारावरून निकाल दिला, दुसऱ्याने त्याच्याकडे बोट दाखवलं, तिसऱ्याने दोघांकडे. झाला कायदा.

परवा मला एका आईच्या अंगावर सोडलं. तिसरा मजला, कठडा मोडका, आणि जिना एकच. मालकाला सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. एके दिवशी उतरताना एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचं बोट. बोट सुटलं. पोराच्या मांडीचं हाड मोडलं.

घरी सासूबाईंनी विचारलं, “तुझं लक्ष कुठे होतं?” ती स्वतःलाही तेच विचारत होती. म्हणून तर ती कोर्टात आली. खर्च मिळावा म्हणून, आणि चूक कोणाची हे कोणीतरी नीट सांगावं म्हणूनही.

मालकाचा वकील शांतपणे म्हणाला, “तिला माहीत होतं, साहेब. तक्रारी तिनेच केल्यात.” आणि माझं सार वाचलं.

तिच्या वकीलबाईंनी मला अख्खं वाचून दाखवलं. न्यायाधीशांना पटलंही. पण वरच्या कोर्टानेच पुढे मला असंच वापरलंय, आपले हात बांधलेले आहेत, असं ते म्हणाले.

“मग मी पोराला खाली आणायचं कसं, साहेब?” तिने विचारलं. “खिडकीतून?”

पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

आता तिचं अपील वर आलंय. न्यायमूर्ती, माझं ऐका. मला पहिल्या शब्दापासून वाचा. तेवढी सवड नसेल तर सरळ रद्द करा, मी कुरकुर करणार नाही. पण सासूबाई रागात जे बोलून गेल्या, ते माझ्या नावाने त्या आईला शिक्का मारून देऊ नका.

कठडा अजून मोडकाच आहे. मालक कशाला दुरुस्त करेल? मी आहे ना त्याच्या बाजूने.