बाविसावरचा धक्का

गाडी हळू होत वेगाचा काटा बाविसावर आला आणि पुष्पांजलीने मांडीवरच्या वहीत टिंब दिलं. गाडीच्या पोटातून घरघर उठली, जणू रस्त्यावर बारीक उंचवट्यांची रांग आहे. पण चिखलीकडे जाणारा हा पट्टा अगदी गुळगुळीत होता. मग लागोपाठ दोन धक्के बसले. तिने दोन फुल्या मारल्या.

"मळमळून राह्यलं वो," शेजारी बसलेली आई, शालूबाई, पदराने तोंड दाबत म्हणाली. "ह्याच्यापरीस बैलगाडी बरी."

"बैलगाडीत एसी हाय काय?" पुढून गाडी चालवणारे वडील, नारायणराव, म्हणाले.

"एसीत बसून ओकाचं, तं एसीचा काय फायदा?"

नारायणराव हसले नाहीत. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ते रस्त्याकडे बघत राहिले.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एकदा शेतात ट्रॅक्टरचा क्लच दाबताना त्यांचा पाय थरथरला, आणि पुतण्या भागवत चार माणसांत बोलून गेला, "काका, तुमच्यानं नाई होत आता. उतरा." ते उतरले. पुन्हा ट्रॅक्टरवर चढले नाहीत. वर्षभर कुठे जायचं तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जायचे. मग अकोल्याहून ही जुनी गाडी आणली, बिनक्लचची. हिच्यात गिअर नव्हते; दोन पुली आणि त्यांच्यावरून फिरणारा एक पोलादी पट्टा. पुष्पांजलीने एमएस्सीला असताना अशा पट्ट्याचं गणित कागदावर सोडवलं होतं. कागदावर तो कधी घरघरला नव्हता.

आता शालूबाई गाडीत बसायला कुरकुरत होत्या आणि नारायणरावांनी गाडी विकायला काढली होती. बीबी गावचे शेषराव रविवारी पाहायला येणार होते. ही गेली की दुसरी येणार नाही, हे घरात तिघांनाही माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं. पुष्पांजली एवढंच म्हणाली, "विकाची तं विका, पण खोट काढून विका." म्हणून आज वाहेदभाईचं गॅरेज.

वाहेदने बॉनेट उघडलंच नाही. तो नारायणरावांच्या शेजारी येऊन बसला.

"तुमीच चालवा दादा. मी आयकतो."

गाडी खामगाव रोडला लागली. वाहेद मान तिरपी करून, खाली वाकून ऐकत होता. बाविसावर घरघर झाली, मग धक्का, पुन्हा धक्का. तिसऱ्या धक्क्याला त्याची नजर खाली एका जागी थांबली. मग तो सरळ बसला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"समजलं," तो म्हणाला.

"काय समजलं?"

"ऑइल. पार जळून गेलं असन. चाला, घ्या फिरवून."

नारायणराव आणि शालूबाई समोर चहा प्यायला गेले. गाडीखालच्या तसराळ्यात डांबरासारखं काळं ऑइल उतरत होतं. पुष्पांजलीने वही पुढे केली.

"वाहेदभाई, मी चालवून पाह्यलं, बाबांनीबी. बावीस फेऱ्या झाल्या. घरघर दोघांच्याही हातानं होते. धक्के फक्त बाबांच्या हातानं बसतात. एकाच गाडीत असं काऊन?"

वाहेदने हात पुसले, वहीतले रकाने वरून खालपर्यंत पाहिले.

"येवढं तं आमी गॅरेजवाले बी नाई लिवत ताई." त्याने चहाच्या टपरीकडे एकदा बघून घेतलं. मग स्टुलावर बसून स्वतःचा डावा पाय जमिनीपासून बोटभर उचलला, तसाच अधांतरी धरला आणि हळूच टेकवला. "तीस साल क्लच मारलेला पाय हाय. गाडी हळू झाली का निघते क्लच शोधाले. क्लच तं हाय नाई. मंग ब्रेकवर जाऊन बसते."

पुष्पांजलीला सगळं एकदम दिसलं. एक पाय अॅक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर. दोन्ही दाबले गेले की गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाची ताकद तोडतो, पाय उचलला की परत देतो. घरघर जुन्या ऑइलाची होती. धक्के बाबांचे होते.

"मंग त्याइले सांगा ना."

"तुमी सांगता?"

तिने वहीचं पान उलटलं. कोऱ्या पानावर बघण्यासारखं काही नव्हतं.

वाहेद उठला. भंगारातून त्याने तळव्याएवढा लोखंडी पत्रा काढला, तिरपा वाकवला, वर टायरचा तुकडा बसवला आणि ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी दोन बोल्टांनी घट्ट केला. नारायणराव आले तेव्हा तो पान्याने शेवटचा आटा देत होता.

"हे काय नवीन?"

"ऑइल बदललं दादा, पण जुनी गाडी हाय, थोडी थरथर राह्यते. ते या पट्टीत उतरते. डावा पाय हिच्यावर दाबून ठेवाचा. उचलाचा नाई."

नारायणरावांनी पट्टीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"तू तं फिजिक्सवाली. थरथर उतरते काय पट्टीत?"

वाहेद पाने गोळा करू लागला.

"पाय तिथं ठेवला का धक्का नाई बसणार बाबा," पुष्पांजली म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

परतताना तिने वही उघडली, पण टिंबांखेरीज काही लिहायची वेळ आली नाही. अमडापूर येईपर्यंत शालूबाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. नारायणराव वळणावर गुणगुणत होते. कोणतं गाणं ते ओळखू येत नव्हतं, पण गुणगुणणं बऱ्याच महिन्यांनी ऐकू येत होतं.

"आता फोन करून नाई म्हना त्या शेषरावले," घरी उतरल्यावर शालूबाई म्हणाल्या.

"असं कसं? शब्द देल्ला. मानूस पाहाले येते म्हंते, त्याले वाटेवर थांबवू काय?"

त्या दिवसापासून रविवारपर्यंत नारायणराव रोज गाडी धूत होते.

शेषराव मोटारसायकलवर आले. दणकट गडी, वीस एकरांचे धनी, ट्रॅक्टरवर वाढलेले. काचा खालीवर करून, डिकी उघडून, टायरला लाथ मारून झाल्यावर ते चालवायला बसले. नारायणराव शेजारी, पुष्पांजली मागे.

"क्लचच नाई म्हना! मंग हा पाय काय करन?"

"पट्टी हाय. तिथं ठेवा."

"हाव हाव."

गाव सुटलं. पुढे बकऱ्यांचा कळप आडवा आला, गाडी हळू झाली, आणि धक्का बसला. मग दुसरा. पुष्पांजलीची नजर सवयीने काट्यावर गेली. बावीस.

"हे काय हो नारायणराव?"

नारायणराव खाली वाकले होते. पट्टी रिकामी होती. शेषरावांचा डावा पाय ब्रेकवर अलगद टेकलेला होता. नारायणराव त्या पायाकडे बघत राहिले, ओळखीचं माणूस परगावात दिसावं तसे. मग सरळ बसून खिडकीबाहेरच्या हरभऱ्याकडे बघू लागले.

"हाव. धक्का देते," ते म्हणाले. "मलेबी द्याची."

"दुरुस्त नाई होत?"

"ऑइल तं नवीन टाकलं."

"मंग नाई बा जमत. राग नका मानू."

"राग कायचा? तुमचा पाय चांगला हाय शेषराव. तुमी क्लचवालीच घ्या."

घरी शेषरावांनी चहा घेतला, जाताना चावी पुष्पांजलीच्या हातात दिली. मोटारसायकल रस्त्याला लागेपर्यंत ती थांबली.

"बाबा, त्याइले काऊन नाई सांगतलं?"

"काय?"

"डाव्या पायाचं."

नारायणराव दार उघडून सीटवर बसले. डावा पाय त्यांनी हातानेच उचलून पट्टीवर नीट ठेवला.

"वाहेदनं तरी मले कुठं सांगतलं?" ते म्हणाले, आणि चावीसाठी हात पुढे केला.